कंटाळा आला, हेही नीट सांगा

सप्रेम नमस्कार,

मी ४६ वर्षांची, बँकेत नोकरी करते. आमच्या सोसायटीत सहा जणांचा एक गट जमलाय. दर महिन्याला एकाने जुना, नावाजलेला अल्बम निवडायचा, बाकीच्यांनी आपापल्या घरी ऐकायचा आणि शेवटच्या रविवारी कुणाच्या तरी घरी चहा घेत त्यावर बोलायचं. एक जण तमिळ, एक मल्याळी, बाकी आम्ही मराठी. लहानपणी थोडी पेटी शिकले, त्यापलीकडे मला गाण्यातलं काही कळत नाही. स्वयंपाक करताना ओट्यावर फोन ठेवून ऐकते.

जाझ ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' मला हॉटेलच्या लॉबीत वाजतं तसा वाटला, कंटाळा आला. बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'मध्ये आपली वाद्यं घेऊन केलेलं एक गाणं आहे, ते ऐकताना अवघडल्यासारखं झालं. जोनी मिचेलच्या 'ब्लू'मधले निम्मे शब्द निसटले, तरी आवाज डोक्यातून जाईना. पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'मध्ये एक बाई शब्दांशिवाय गाते, तिथे रडूच आलं. नासचा रॅपचा अल्बम 'इलमॅटिक' अर्ध्यावर बंद केला. ते मला संगीतच वाटत नाही.

यातलं एकही वाक्य मी गटात बोललेले नाही. आदल्या रात्री इंटरनेटवर वाचते आणि 'अप्रतिम, काळाच्या पुढचं' असं काहीतरी म्हणते. 'काइंड ऑफ ब्लू'वर बोलले तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं आणि घरी येऊन मला लाज वाटली. पुढच्या महिन्यात निवड माझी आहे. मनात 'शिवकल्याण राजा' आहे, पण ते घरचंच काहीतरी पुढे केल्यासारखं होईल का? आणि मुळात, माझ्यासारख्या सहज ऐकणाऱ्या बाईच्या मताला काही किंमत असते का?

— एक श्रोती, ठाणे

ताई, नमस्कार.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. जी वाक्यं तुम्ही गटात बोलला नाहीत आणि मला लिहिलीत, ती तुमच्या त्या वाचून केलेल्या बोलण्यापेक्षा कितीतरी मोलाची आहेत. 'अप्रतिम, काळाच्या पुढचं' हे कुठल्याही अल्बमबद्दल म्हणता येतं, त्यासाठी तो ऐकावाही लागत नाही. 'हॉटेलच्या लॉबीत वाजतं तसा वाटला' हे मात्र 'इलमॅटिक' ऐकून कुणी म्हणणार नाही. त्या वाक्यात तुम्ही आहात आणि तो अल्बमही आहे. ऐकणाऱ्याच्या मताची किंमत त्याला किती शास्त्र येतं यावर ठरत नाही, ते मत किती नेमकं आहे यावर ठरते. नेमकेपणाचं निम्मं काम तुम्ही करून बसला आहात. काय झालं ते तुम्ही सांगितलंत. आता कुठे झालं आणि कशामुळे झालं, एवढं शोधायचं.

त्या कंटाळ्याकडेच आधी जाऊ. ओट्यावर ठेवलेल्या फोनवर तुम्ही 'काइंड ऑफ ब्लू' ऐकलात आणि माझ्या मते गोची तिथेच आहे. पहिल्या 'सो व्हॉट' या रचनेची मुख्य धून पॉल चेंबर्स बासवर वाजवतो, म्हणजे त्या उभ्या धरलेल्या, खर्जातल्या तंतुवाद्यावर. तो एक ओळ म्हणतो, बाकीचे दोन ठोक्यांत त्याला उत्तर देतात. फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून खर्जातले स्वर जवळजवळ बाहेरच येत नाहीत. वर कुकरची शिट्टी. म्हणजे तुम्हाला उत्तरं ऐकू आली आणि प्रश्न आलाच नाही. अशाने कुणालाही कंटाळा येईल. साधे का होईनात, हेडफोन लावा, हातातलं काम बाजूला ठेवा आणि पहिली दोन मिनिटं फक्त बासचा पाठलाग करा.

मग पेटी काढा. हे मी अगदी मनापासून सुचवते आहे, कारण पेटी शिकलेल्या माणसाला या रचनेत शिरायला जी वाट आहे ती फार थोड्यांना मिळते. पांढरी दोनचा सा धरा आणि वरच्या सा पर्यंत फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवा. गंधार आणि निषाद कोमल, बाकी सगळे शुद्ध. काफी थाट! 'सो व्हॉट' या स्वरांवर उभी आहे. काफी राग म्हणत नाही हं मी, रागाचं चलन त्यात नाही. स्वर तेवढे ते. सोळा मात्रांचा नव्हे, सोळा आवर्तनांचा एक टप्पा या पांढरी दोनवर जातो, मग आठ आवर्तनं तेच सगळं काळी दोनवर सरकतं आणि पुन्हा आठ आवर्तनं मूळ जागी येतं. प्रत्येक आवर्तन चार मात्रांचं. आपल्याकडे तानपुरा एकदा लागला की सा हलत नाही. इथे सा स्वतःच अर्ध्या स्वराने वर जातो आणि परत खाली येतो. पहिल्यांदा तो हललेला कळेल तेव्हा पोटात काहीतरी होईल तुमच्या. माझ्या मते भारतीय कानाला या रचनेतली सगळ्यात मोठी घटना तीच आहे, आणि तुमच्या गटात ती पेटीवर वाजवून दाखवू शकेल असं कुणी असेल तर बहुधा तुम्हीच.

हा अल्बम न्यूयॉर्कमध्ये १९५९ साली २ मार्च आणि २२ एप्रिल अशा दोनच दिवसांत ध्वनिमुद्रित झाला, एका जुन्या चर्चच्या इमारतीत थाटलेल्या स्टुडिओत. पियानोवादक बिल इव्हान्सने वेष्टनावरच्या मजकुरात लिहिलंय की डेव्हिसने रचनांचे आराखडे ध्वनिमुद्रणाच्या काही तासच आधी तयार केले होते. बाकीचं सगळं तिथल्या तिथे, ऐनवेळी सुचलेलं. मैफलीत वाढलेल्या माणसाला याचं नवल वाटणार नाही, पण त्यामुळे ऐकायचं कसं ते कळतं. 'सो व्हॉट'मध्ये आधी डेव्हिसचा ट्रंपेट येतो, मग जॉन कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन, मग कॅननबॉल ॲडर्लीचा. तिघांना स्वर तेच मिळालेत. डेव्हिस थोडकं बोलून जागा मोकळी सोडतो, कोल्ट्रेन ती जागा शोधत शोधत भरत जातो, ॲडर्ली हसऱ्या चेहऱ्याने आत येतो. 'ऑल ब्लूज' ही आणखी एक रचना सहाच्या हिशेबात चालते. दादरा मोजायची सवय असेल तर मोजत ऐका, ठेवण वेगळी लागेल पण पाय चुकणार नाही.

लॉबीचं म्हणाल तर तेही काही खोटं नाही. या शांत, सावकाश वाजवण्याची पुढे एवढी नक्कल झाली की हॉटेलं आणि विमानतळ त्याने भरून गेले, आणि आपल्यापैकी बहुतेकांची गाठ आधी नकलेशी पडते. हे गटात सांगण्यासारखं आहे. आणि बास ऐकून, सा हललेला ओळखूनही मन रमलं नाही, तर तसंही सांगा. मग तुमच्या कंटाळ्याशी कुणाला हुज्जत घालता येणार नाही, कारण तो कुठे आला ते तुम्हाला माहीत असेल.

आता ते रडू. 'द डार्क साइड ऑफ द मून'मधली ती बाई म्हणजे क्लेअर टॉरी. जानेवारी १९७३ मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत तिला बोलावलं, पिंक फ्लॉइडच्या रिचर्ड राइटची पियानोवरची रचना ऐकवली आणि शब्दांशिवाय गा म्हणून सांगितलं. मानधन ३० पौंड. रचनेच्या श्रेयात तिचं नाव यायला २००५ साल उजाडलं, तेही न्यायालयाची पायरी चढल्यावर. मला यात विशेष वाटतं ते असं की तुमच्या गटातल्या इंग्रजी चांगलं येणाऱ्यांना आणि तुम्हाला या गाण्यात अगदी सारखंच हाती लागतं. शब्दच नाहीत. आलाप ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला शब्दांवाचून अर्थ घेण्याची सवय असते, म्हणून कदाचित तुम्हाला थोडं जास्तच लागलं असेल. पुन्हा ऐकाल तेव्हा एक पाहा. आधी आवाज किंचाळण्यापर्यंत चढतो, पुढे तो खाली येतो, अगदी पुटपुटण्याजवळ. तुम्हाला रडू कुठे आलं, चढताना की उतरताना? दोन्ही रडणी वेगळी आहेत. आणि हो, हा अल्बम ऐकताना शफल बंद ठेवा. त्यातली गाणी एकातून एक निघतात. हे गाणं मूळ तबकडीच्या पहिल्या बाजूचं शेवटचं आहे, त्याच्यानंतर सुई उचलून बाजू पालटेपर्यंतची शांतता असायची. मी तर म्हणेन, तुम्हीही तिथे थांबत जा. एलपीची एक बाजू साधारण वीस-बावीस मिनिटांची, तेवढं लक्ष आपल्याला एका बैठकीत देता येतं. सगळा अल्बम एका दमात संपवायची सक्ती तुमच्यावर कुणी केलेली नाही.

वाचण्याबद्दलही बोलायला हवं, कारण तुमचा खरा त्रास तिथून सुरू होतो. वाचू नका असं मी म्हणणार नाही. फक्त क्रम बदला. आधी ऐका, दोन ओळी कागदावर लिहा आणि मग वाचा. 'ब्लू'चंच घ्या. १९७१च्या या अल्बममध्ये 'लिटल ग्रीन' नावाचं एक हळुवार गाणं आहे. जोनी मिचेलला १९६५ मध्ये मुलगी झाली होती आणि परिस्थितीमुळे तिने ती दत्तक दिली होती. हे गाणं त्या मुलीला उद्देशून आहे. जगाला हे कळलं १९९०च्या दशकात. १९९७ मध्ये मायलेकी भेटल्या. म्हणजे वीसेक वर्षं लोक ते गाणं काही माहीत नसताना ऐकत होते, आणि त्यातलं दुःख त्यांच्यापर्यंत पोहोचत होतं. निम्मे शब्द निसटूनही तो आवाज तुमच्या डोक्यात राहिला, तुम्ही त्याच श्रोत्यांच्या रांगेतल्या. आता ही हकीकत कळल्यावर गाणं पुन्हा ऐका. वेगळं वाटेल, पण पहिलं ऐकणं तुमच्यापाशी शाबूत असेल. आधीच वाचलं असतंत तर ते कधी मिळालंच नसतं.

'सार्जंट पेपर'मधलं तुमचं अवघडणं मला पाचांमध्ये सगळ्यात मोलाचं वाटतं. 'विदिन यू विदाउट यू' हे गाणं जॉर्ज हॅरिसनचं. १९६६च्या सप्टेंबरात तो पंडित रविशंकरांकडे शिकायला मुंबईत येऊन राहिला होता, आणि १९६७च्या मार्च-एप्रिलमध्ये, चोविसाव्या वर्षी, त्याने हे ध्वनिमुद्रित केलं. बाकीच्या तीन बीटल्सपैकी कुणीही त्यात वाजवत नाही. दिलरुबा, तबला वाजवणारे कलाकार लंडनच्या एशियन म्युझिक सर्कलमधले होते, आणि वेष्टनावर त्यांची नावं छापलेली नव्हती. हे मला आजही खटकतं. पण तुम्हाला काय खटकलं? मिंड अर्धवट वाटली? आवाज सुराला नुसता शिवून जातो, ठाव घेत नाही, असं झालं? की आपली गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना होतो तो संकोच होता? यातलं काय ते शोधा, कारण तुमच्या गटातल्या बीटल्सप्रेमींना ते ऐकू येणं अवघड आहे. त्याच वेळी दोन गोष्टी ऐकून बघा. मधल्या वाद्यांच्या भागात दहाचा हिशेब आहे, झपतालासारखा. आणि तिथे विलायती व्हायोलिनं दिलरुब्याच्या मागोमाग घसरत जातात. बीटल्सचा निर्माता जॉर्ज मार्टिन, त्याने त्या वादकांकडून त्यांच्या शिस्तीत न बसणारी ती घसीट काढून घेतली आहे. गाणं संपल्यावर माणसांचा हशा ऐकू येतो, तो हॅरिसननेच मुद्दाम टाकला. इतक्या गंभीर गाण्यानंतर ऐकणाऱ्याला जरा सैल व्हायला जागा हवी, हे त्याला जाणवलं होतं. (पुढे जानेवारी १९६८ मध्ये तो मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत 'वंडरवॉल म्युझिक' या अल्बमच्या ध्वनिमुद्रणाला आला तेव्हा संतूरवर शिवकुमार शर्मा होते. त्या मुद्रणांशी हे गाणं ताडून बघा, तुमच्या अवघडण्याचं उत्तर कदाचित तिथे सापडेल.)

पाचव्या वाक्याशी मात्र मी सहमत नाही. 'अर्ध्यावर बंद केला' ही प्रतिक्रिया आहे आणि तिचा मी मान राखते. 'ते संगीतच नाही' हा निकाल आहे, आणि तो तुम्ही अर्धा खटला ऐकून दिलात. 'इलमॅटिक' आला एप्रिल १९९४ मध्ये, तेव्हा नास वीस वर्षांचा होता. न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिज या सरकारी वसाहतीत वाढलेला मुलगा आपल्या जिन्यांविषयी, तुरुंगात गेलेल्या मित्रांविषयी बोलतो आहे. त्यातल्या शिव्या तुम्हाला नकोशा वाटल्या असतील तर तसं स्पष्ट म्हणा, तो तुमचा हक्क आहे. पण बोलणं म्हणजे संगीत नाही, हे पोवाडा ऐकत वाढलेल्या माणसाने म्हणू नये. शाहीर डफावर गाता गाता बोलण्यात उतरतो आणि बोलता बोलता पुन्हा सुरावर चढतो, तिथे आपण सीमारेषा कुठे आखतो? नासचे शब्द ठेक्यावर कुठे पडतात ते ऐका. यमक ओळीच्या शेवटी यायची वाट न पाहता मध्येच येतं, वाक्य एका ओळीतून दुसरीत वाहत जातं, आणि श्वास तो कुठे घेतो ते समजतसुद्धा नाही. तिसऱ्या गाण्याच्या अखेरीस ट्रंपेटसारखं कॉर्नेट वाजतं, ते त्याच्या वडिलांचं आहे. ओलू डारा, जाझमधले वादक. अर्ध्यापर्यंत ऐकलंत म्हणजे ते तुमच्या कानावरून गेलेलं आहे. तेवढ्यासाठी एकदा परत जा. नाही आवडलं तर नाही आवडलं, पण मग 'मला सूर लागतो, नुसत्या लयीवर माझं पोट भरत नाही' असं काहीतरी तुमचं स्वतःचं म्हणा.

तुमच्या मनातल्या निवडीतही मधूनमधून बोलणं आहेच की. 'शिवकल्याण राजा'त बाबासाहेब पुरंदऱ्यांचं निवेदन आहे, ते तुम्हाला कधी संगीताबाहेरचं वाटलं का?

तर तोच निवडा. अगदी निःशंक मनाने. १९७४ साली राज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली त्या निमित्ताने हृदयनाथ मंगेशकरांनी तो सबंध एक कृती म्हणून बांधला. समर्थ रामदास, कवी भूषण, कुसुमाग्रज अशा दोन वेगळ्या काळांतल्या कवींना एका धाग्यात ओवायचं आणि लताबाईंच्या आवाजाने ते पेलायचं, हे धाडस तुमच्या यादीतल्या कुठल्याही अल्बमच्या तोडीचं आहे. रणधुमाळीच्या गाण्यांच्या शेजारी तिथे 'गुणि बाळ असा' ही अंगाई येते, आणि लढाईआधीचं घर दिसतं. भूषणाची भाषा ब्रज. 'इंद्र जिमि जंभ पर' ऐकताना अंगावर काटा येणाऱ्या किती मराठी माणसांना त्यातला शब्दन् शब्द कळतो? जोनी मिचेल ऐकताना तुम्ही जिथे होतात तिथेच आपण सगळे इथे असतो. हा मुद्दा मांडलात तर गट त्यावर बराच वेळ बोलेल.

अडचण दुसरीच येणार आहे. विषय शिवाजी महाराजांचा. मराठी मंडळी आदराने भारावतील आणि गाण्यांबद्दल कुणी काही बोलणार नाही. तुमचे तमिळ आणि मल्याळी शेजारी मनातलं बोलायला कचरतील. तेव्हा यजमान म्हणून सुरुवात तुम्ही करा, आणि कौतुकाने करू नका. या अल्बमातलं कुठलं गाणं तुम्ही मनातल्या मनात पुढे ढकलता? एखादं असणारच. ते सांगा, कुठल्या कडव्यापाशी लक्ष सुटतं तेही सांगा. चाल, ठेका, समूहाचा आवाज, यांबद्दल बोला. म्हणजे बाकीच्यांची भीड चेपेल. शब्दांचे अर्थ आधी वाटू नका. त्या दोघांना आधी नुसतं ऐकू द्या, अर्थ चहाच्या वेळी सांगा, मग दोन गाणी पुन्हा लावा.

'काइंड ऑफ ब्लू'वरच्या त्या बोलण्याची कबुली वगैरे देत बसायची काही गरज नाही. 'मी तो परत ऐकला आणि आता वेगळं वाटतं' एवढं म्हणा, पेटी घेऊन जा आणि पांढरी दोनवरून काळी दोनवर सरकून दाखवा.

आणि समजा त्या दोघांपैकी कुणी 'शिवकल्याण राजा'ला कंटाळा आला असं म्हणालं, तर मनाला लावून घेऊ नका आणि महाराजांचा इतिहासही सांगायला लागू नका. 'कुठल्या गाण्याला?' असं विचारा, आणि ते गाणं तिथेच, चांगल्या स्पीकरवर, पहिल्यापासून लावा.